सावलीचा लेयर

आमच्या ऑफिसात झाड म्हणजे एक गोल.
आत बारा रेघा, मधोमध टिंब.
कॉपी, पेस्ट, जरा फिरवला की दुसरं झाड.
पूर्वी असं नव्हतं.
ट्रेसिंग पेपरच्या दिवसांत ज्याचं त्याचं झाड असे.
वांढरेचं तडकलेल्या काचेसारखं,
माझं थोडं केसाळ,
आणि शीटवर सही नसली तरी
नगररचनेतला कारकून सांगायचा,
हे वांढरेचं, हे तुमचं.

सिव्हिल लाइन्समधला प्लॉट. मे संपत आलेला.
बंगला पाडायचा आहे,
पण पाडण्याआधी मोजायचा आहे.
सरांनी टेप दिला, दुपट्टा माझा मी गुंडाळला.

दुहेरी कवेलू, मधे वीतभर हवा.
छताशी झरोके, दोरी ओढली की उघडणारे,
दोरी कुणीतरी कापडं वाळवायला नेलेली.
आत पाऊल टाकलं तर डोळ्यांना काही दिसेना.
सौंदर्य डोळ्यांना दिसतं म्हणतात.
नागपुरात, सेहेचाळीस अंशांवर,
ते आधी पाठीला कळतं.

फाटकाजवळ करंज.
खाली लाह्यांसारखी फुलं, जांभळट,
आणि फुलांमधून कोळशाच्या राखेची एक रेघ,
पश्चिमेकडून खोडापर्यंत, खोडाकडून पूर्वेला,
दोन्ही टोकं किंचित दक्षिणेला उतरलेली.
भुवई जशी.

बिसराम बरेठ, इस्त्रीवाला.
सकाळी ठेला त्या टोकाला,
बाराला खोडाला चिकटून,
मग इकडे इकडे.
‘सरकत राहा लागते, साहेब.
थांबलं का भाजलं.’
म्हणाला, या आठवड्यात एक दिवस असा येतो
की खांबालाही सावली नसते,
तेव्हा फक्त झाडाचं झाडाखाली उरते,
तेवढ्यात मी, इस्त्री, आणि एक कुत्रं.

मी ती रेघ मोजली.
कुणी सांगितलं नव्हतं.
दर दोन फुटांवर खडूची खूण,
वेळ त्याला विचारून.

रात्री ड्रॉइंगमध्ये नवा लेयर उघडला.
भिंतीला लेयर असतो, ड्रेनेजला असतो,
सावलीला नव्हता.
करंजाचा गोल पुसला,
एकतीस वर्षांनी हाताने झाड काढलं.
माउसने काढलं, म्हणून जास्तच केसाळ झालं.

केळझरकर सरांनी पाहिलं.
‘हा रस्ता आहे का?’
नाही सर, इस्त्रीवाला.
ते हसले नाहीत, हे मला सांगायला हवं.
चष्मा काढून बराच वेळ बघत राहिले,
मग म्हणाले, छान आहे,
आणि लेयरचा दिवा बंद केला.

नव्या इमारतीचं चित्र भिंतीवर लागलं आहे.
समोरून सगळी काच, पश्चिमेला तोंड.
दारात लाल पानांचं झाड,
कुठल्या थंड देशातलं, फुकट मिळालेलं,
त्याच्याखाली कोट घातलेल्या दोन बाया.
आभाळात धूळ नाही.
मागच्या बाजूला एसीच्या चौकटी,
त्या चित्रात येत नाहीत.

फाईल मंजूर होऊन आली.
दिवा बंद असला तरी लेयर आत आहे,
पुसलेला नाही. दिसत नाही, इतकंच.
छापताना येत नाही.

मी एक प्रिंट काढली, स्वतःच्या पैशाने,
दिवा लावून,
आणि बिसरामला नेऊन दाखवली.
त्याने इस्त्री विटेवर ठेवली, हात पुसले,
रेघेवरून बोट फिरवत गेला,
सकाळ, बारा, दोन, चार,
आणि कुंपणापाशी थांबला.

‘हे चुकलं.’
काय चुकलं?
‘इथं तोडून टाकली तुम्ही.
सहा वाजता मी इथं कुठी राहतो?
तिकडे राहतो, रस्त्यावर, दुधाच्या बूथपाशी.
सावली जाते ना तिथवर.’

मी म्हणालो, प्लॉट इथेच संपतो.

त्याने माझ्याकडे पाहिलं,
मग उन्हाकडे,
आणि ठेला अर्धा फूट ढकलला.